राऊंचा निकाल लावण्याआधी: वाचक मंडळांना एक खुलं पत्र

प्रति,
गावोगावच्या वाचक मंडळांचे, वाचनकट्ट्यांचे आणि ग्रंथालयांतल्या चर्चागटांचे संयोजक व सभासद यांस,

स. न. वि. वि.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’, म्हणजे राऊ अर्थात पहिले बाजीराव पेशवे, त्यांची पत्नी काशीबाई आणि मस्तानी यांच्यावरची कादंबरी, १९७२ साली आली. तेव्हापासून आजपर्यंत ती सतत वाचली जाते, तिच्या आवृत्त्या निघतात, ग्रंथालयातल्या प्रतीची पानं सुटून येतात आणि पुन्हा बांधली जातात. वाचक मंडळांत ती चर्चेला घेतली की गर्दीही होते. पण ती चर्चा ऐकताना मला वर्षानुवर्षं एक गोष्ट खटकत आली आहे, आणि ती तुमच्यासमोर मांडावी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

चर्चा सुरू होते कादंबरीवर आणि बघता बघता बाजीरावांवर खटला उभा राहतो. एक बाजू म्हणते, असं प्रेम करायला छाती लागते. दुसरी म्हणते, प्रेम कसलं, घरात लग्नाची बायको असताना? कुणीतरी उठून सांगतं की वीस वर्षं घोड्यावर काढलेल्या, एकही मोठी लढाई न हरलेल्या सेनानीला कादंबरीकारानं बाईपायी झुरणारा माणूस करून टाकलं. त्यावर चौथं कुणी म्हणतं, हे सगळं मुळात घडलंच नाही, पुरावा दाखवा. मग हात वर करून मत घ्यावं तसा राऊंचा निकाल लागतो, चहा येतो आणि मंडळी पांगतात. मस्तानी आणि काशीबाई या दोघी त्या खटल्यात साक्षीपुरत्या येतात. कादंबरी तर आलेलीच नसते.

यातलं एकही मत मला टाकाऊ वाटत नाही. प्रत्येकामागे वाचणाऱ्याचं काहीतरी खरं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण निकालावर फार लवकर येतो. दोष असलेला नायक लेखकानं आपल्यापुढे का उभा केला, त्या दोषातून कादंबरीनं काय काय दाखवलं, कुणाच्या दुःखाला पानं दिली आणि कुणाला दिली नाहीत, हे विचारायच्या आतच आपण माणसाला निर्दोष सोडतो किंवा शिक्षा सुनावतो.

आधी लेखकाबद्दल. इनामदारांनी निवडलेले नायक ओळीनं आठवून बघा. १९६३च्या ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्याचा आळ ज्याच्यावर आला आणि जो ठाण्याच्या किल्ल्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटला, तो. ‘झुंज’मध्ये पुणं लुटणारा म्हणून शाळेत शिकलेले यशवंतराव होळकर. ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव, ज्याच्या माथी आपण सगळ्या मराठी राज्याचा शेवट मारून मोकळे झालो. ‘शहेनशहा’मध्ये तर थेट औरंगजेब. हा लेखक डागाळलेल्या माणसांकडेच पुनःपुन्हा जातो. ती माणसं धुऊन स्वच्छ करून द्यावीत हा त्याचा हेतू नाही. बाहेरून बघणाऱ्यानं ज्याला एका वाक्यात निकालात काढलं, त्याच्या आत त्या वेळी काय चाललं असेल, हे त्याला लिहून बघायचं आहे. तेव्हा निष्कलंक पुरुष भेटावा म्हणून जो वाचक इनामदारांकडे जातो, तो चुकीच्या दारावर उभा आहे. आणि राऊंच्या वागण्याला लेखकाची संमती आहे असं धरून जो रागावतो, त्यानंही जरा थांबावं असं मला वाटतं.

आता राऊंच्या दोषाबद्दल. माझं वाचन तुमच्यापेक्षा वेगळं असू शकेल, पण ते स्पष्ट मांडते.

मस्तानीवर प्रेम करणं हा राऊंचा दोष आहे असं मला वाटत नाही. त्या काळातल्या सरदारांच्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या बायका होत्या, नाटकशाळा, अंगवस्त्रं म्हणून ठेवलेल्या स्त्रिया होत्या. त्यावर कुणी वाडा डोक्यावर घेत नव्हतं. राऊंनी मस्तानीला तसंच बाजूला, नजरेआड ठेवलं असतं तर पुण्यात पानही हललं नसतं. १७२९ साली मोगल सरदार महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून राऊंच्या मदतीनं सुटका झाल्यावर बुंदेलखंडच्या राजा छत्रसालानं मोठ्या मानानं पाठवलेली, त्याची मुलगी म्हणून ओळखली जाणारी ही स्त्री राऊंनी उघडपणे आपली मानली. शनिवारवाड्यात तिला जागा दिली, आजही त्या वाड्याच्या एका दरवाजाला तिचं नाव आहे. तिच्या मुलाला आपल्या इतर मुलांसारखंच वाढवावं अशी त्यांची इच्छा होती, पण पुण्याच्या ब्रह्मवृंदानं ते होऊ दिलं नाही असं सांगितलं जातं. त्या मुलाचं कृष्णराव हे नाव मागे पडलं आणि समशेरबहादूर हेच नाव इतिहासात राहिलं. वाडा चिडला तो राऊंच्या या उघडपणावर. आणि माझ्या मते हा त्यांच्यातला सगळ्यात चांगला भाग आहे.

दोष पुढे आहे. हा माणूस रणांगणावर ज्या गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, नेमकी तीच त्याला घरात करता येत नाही. १७२८ साली पालखेडला त्यांनी निजामाला आधी हवं तिकडे पळवलं, त्याच्या तोफा मागे पडू दिल्या आणि पाणी तोडून असं कोंडलं की त्याला तह करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. १७३७च्या मार्च महिन्यात ते दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले, तेव्हा बादशहाच्या फौजा त्यांना भलतीकडेच शोधत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळला पुन्हा निजाम, पुन्हा कोंडी. शत्रूला काय हवं आहे, तो कुठे अडेल, कुठे वाकेल, हे ओळखण्यात या माणसाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आणि हाच माणूस आईशी, भावाशी, मोठ्या मुलाशी आणि बायकोशी समोरासमोर बसून एकदाही हा प्रश्न तडीला नेत नाही. तो मोहिमेवर निघून जातो. मागे राहतात त्या दोघी बायका, एकाच वाड्यात, एकाच पुरुषाच्या नावानं, त्यानं न लढलेल्या लढाईचे घाव सोसत.

कादंबरी वाचताना मला हे फार जाणवतं. मोहिमेची पानं आली की राऊ मोठे होतात, वाड्यातली पानं आली की त्यांची वाक्यं अडखळतात. इनामदारांना हा माणूस अतिशय आवडतो, ते त्याच्यावर जीव टाकतात, आणि तरीही त्याची ही कमजोरी त्यांनी लपवलेली नाही. १७३९ संपता संपता मस्तानी नजरकैदेत पडते ती शत्रूच्या हातून नव्हे, धाकटा भाऊ चिमाजीअप्पा आणि मोठा मुलगा नानासाहेब यांच्या संमतीनं. ज्या चिमाजीअप्पांनी त्याच वर्षी मे महिन्यात वसई घेतली, ज्यांच्यावाचून राऊंचं पान हलत नसे, त्यांच्याच हातून. तिच्या सुटकेसाठी राऊ पुण्यावर चाल करून येऊ शकत नाहीत, कारण समोर शत्रू नाही, घर आहे. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी झालेला संघर्ष आटोपून ते नर्मदेकडे जातात आणि २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला, वयाची चाळिशीही न गाठता संपतात. मस्तानीही त्याच वर्षी जाते. तिची कबर पाबळला आहे. डिसेंबरात अप्पाही गेले.

इथे कुणी म्हणेल, मग त्या माणसानं करायचं तरी काय होतं? धनी छत्रपती, आई राधाबाईंसारखी कर्तबगार, भोवती धर्माचा आणि जातीचा पहारा. हा प्रश्न मला खरा वाटतो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. पण हाच प्रश्न मंडळात तासभर चालावा. राऊ चांगले की वाईट, यापेक्षा तो कितीतरी अवघड आहे.

मात्र एका उत्तराला माझा ठाम विरोध आहे. चर्चेत एखादी बाई काशीबाईंबद्दल बोलू लागली की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘अहो, त्या काळात तसंच होतं.’ आणि विषय मिटतो. कृपा करून हे वाक्य तुमच्या मंडळात बिनउत्तर जाऊ देऊ नका. त्या काळातच यावर एकमत नव्हतं. राऊंना एक हवं होतं, राधाबाईंना दुसरं, ब्रह्मवृंदाला तिसरं. राऊंचे धनी छत्रपती शाहू महाराज यांचा कल राऊंना दुखवू नये याकडे होता असं दिसतं. जे त्या काळातल्या माणसांना मान्य नव्हतं, ते आपण ‘त्या काळात’ म्हणून कसं मिटवणार? दुसरं असं की वाड्याचा राग काशीबाईंच्या दुःखासाठी नव्हता. राग सोवळ्याचा होता, धर्माचा होता, वारशाचा होता. काशीबाईंच्या मनाचं काय, हे विचारत तेव्हा कुणी भांडलं नाही. त्यांची वेदना दोन्ही बाजूंनी वापरली गेली, ऐकली गेली नाही. आज आपणही तेच करायचं का?

चासच्या जोशी सावकारांची ही मुलगी पेशव्याच्या घरात आली. १७३४ या एकाच वर्षी तिला रघुनाथ झाला आणि मस्तानीला समशेर. हे एक साल डोळ्यांपुढे ठेवा आणि मग कादंबरीतली काशीबाई वाचा. पुढे राऊ आणि मस्तानी दोघंही गेल्यावर सहा वर्षांच्या समशेरला काशीबाईंनीच जवळ घेतलं असं सांगतात. तो पेशव्यांच्या घरचा म्हणून वाढला, पेशव्यांच्या बाजूनं लढला आणि १७६१ साली पानिपतात झालेल्या जखमांनी गेला. ज्या घरानं त्याच्या आईला कोंडलं त्या घराच्या लढाईत. राऊंना जे वाड्यात घडवून आणता आलं नाही, ते काशीबाईंनी काही न बोलता केलं असं मला वाटतं. मंडळातल्या चर्चेत त्यांना ‘बिचारी’ म्हणून सोडून देतात तेव्हा मला म्हणून राग येतो.

स्त्री-वाचकांच्या मतांकडे मी तुमचं मुद्दाम लक्ष वेधते. साठी-सत्तरीच्या बायका काशीबाईंबद्दल बोलतात तेव्हा पुष्कळदा त्या स्वतःच्या आईबद्दल, आजीबद्दल, एखाद्या काकूबद्दल बोलत असतात. घरात जे कधी मोठ्यानं बोललं गेलं नाही, दुसरं घर, दुसरी बाई, त्यावर घरानं धरलेलं मौन, ते पेशव्यांच्या आडून त्यांना बोलता येतं. विशी-पंचविशीच्या मुली बहुतेक २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटामुळे पुस्तकाकडे आलेल्या असतात, आणि त्यांचे प्रश्न निराळे असतात. मस्तानीनं स्वतः काय ठरवलं? तिला कुणी विचारलं का? प्रेमात एवढं सोसणं मोठेपणाचं कसं? काही जणांना हे प्रश्न आगाऊ वाटतात. मला ते कादंबरीवरचे सर्वांत नेमके आक्षेप वाटतात. इनामदारांनी मस्तानीला रूप दिलं, निष्ठा दिली, धैर्य दिलं, पण ठरवण्याची संधी फार थोडी दिली. सोसायला मात्र भरपूर लावलं. कादंबरीवर माझं मनापासून प्रेम आहे आणि तरीही हे तिचं उणं आहे असं मी म्हणेन. नायकाच्या दोषाइतकाच लेखकाच्या नजरेचा दोषही चर्चेत यायला हवा, आणि तो बहुतेक वेळा तरुण मुलीच दाखवून देतात. त्यांना बोलू द्या.

बाजीरावांच्या कीर्तीला धक्का लागतो म्हणून ज्यांना कादंबरी सोसत नाही, त्यांच्याशीही मला बोलायचं आहे. त्यांचा अभिमान मला परका नाही. पालखेडची हालचाल नकाशावर बोट ठेवून वाचताना माझाही ऊर भरून येतो. पण दोष दाखवला म्हणजे बदनामी केली, हे मला पटत नाही. रणांगणावर तो अजिंक्य होता हे कादंबरी कुठेच नाकारत नाही. अशा अजिंक्य माणसाचंही घरात काही चाललं नाही, एवढंच ती म्हणते. याने त्याचा पराक्रम उणा होत नाही, तो पराक्रम करणारा माणूस कोण होता ते कळतं.

पुरावा मागणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्यांना चर्चेत मानाची जागा असावी. मस्तानीबद्दल कागद थोडे आहेत. ती होती, तिला मुलगा झाला, तिच्यावरून घरात कलह पेटला, तिला कोंडलं गेलं, याला आधार आहे. दालनातले संवाद, रात्रीची जागरणं, काशीबाईंचं मनातलं बोलणं हे सगळं लेखकाचं. ही रेघ चर्चेच्या सुरुवातीलाच कुणीतरी आखून दिली तर निम्मे वाद मिटतात. गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’तला बाजीरावांचा भाग ग्रंथालयातून काढून टेबलावर ठेवा. एका सभासदानं तो आधी वाचून यावं आणि कागदांत काय आहे तेवढं पंधरा मिनिटांत सांगावं. मग कादंबरी कादंबरी म्हणून वाचायला सगळे मोकळे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे ती सांगते. ‘वाद नको’ म्हणून ‘राऊ’ चर्चेच्या यादीतून गाळायची आणि तिच्या जागी ‘स्वामी’ घ्यायची, असा कल मला अलीकडे काही ठिकाणी दिसतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. नायक माधवराव, राऊंचा नातू. विषय पुन्हा पेशव्याच्या घरातलं प्रेम, पण इथे ते प्रेम लग्नाच्या बायकोवर आहे. माधवराव सत्त्वशील, संयमी, कर्तव्याला जागणारे. त्यांच्यावरून भांडण होत नाही, डोळे पुसत सगळे घरी जातात. म्हणूनच मला ती निवड अडचणीची वाटते. १७७२च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. त्या शेवटाशी आपण हमसून रडतो. पण एका तरुण स्त्रीनं जिवंतपणी चितेवर चढावं, हे आपण प्रेमाचा कळस म्हणून कसं वाचतो, यावर किती मंडळांत चर्चा झाली? मी तरी ऐकलेली नाही. माधवरावांवर आपला इतका विश्वास असतो की त्यांच्या गोष्टीतलं सर्वांत भयंकर पान आपण हात जोडून वाचतो.

राऊंच्या बाबतीत तसं होत नाही. त्यांच्यात खोट आहे म्हणून आपण सावध राहतो. काशीबाईंचं काय, मस्तानीचं काय, पोराचं काय, आईनं असं का केलं, भावानं तसं का केलं, हे आपल्याला विचारावंसं वाटतं. चांगल्या नायकानं झाकून टाकलेले प्रश्न दोष असलेला नायक उघडे करतो. मराठी वाचकाला पेशवाईतल्या बायकांबद्दल विचारायला जर कुणी भाग पाडलं असेल, तर ते या अर्धवट धीराच्या, प्रेमात उघड आणि घरात मुक्या असलेल्या राऊंनी. त्यांना यादीतून काढू नका.

आणि घ्याल तेव्हा सुरुवात निराळी करा, ही माझी विनंती. राऊ बरोबर की चूक, हा प्रश्न पहिल्या तासात कुणी काढायचा नाही, असं ठरवा. आधी काशीबाईंची दोन-चार पानं कुणीतरी मोठ्यानं वाचावीत, मग मस्तानीच्या कैदेतली. त्यावर पहिल्यांदा ज्यांना एरवी बोलायला मिळत नाही त्यांनी बोलावं. राऊंची पाळी शेवटी. एवढं केलं की राऊंबद्दलची मतंही बदलतात. ती नरम होतील असं नाही, उलट काही जास्त कडक होतील, पण ती कादंबरी वाचून झालेली असतील.

पुढच्या महिन्यात ‘स्वामी’ जरूर घ्या. फक्त हेच प्रश्न, याच क्रमानं, माधवरावांनाही विचारा. रमाबाईंची पानं आधी वाचा.

आपली नम्र,
एक वाचक